कुंपणापाशी ठेवलेली बंदूक

ऑक्टोबर सरता सरता एल्किन्सच्या डोंगरावरच्या झाडांना जांभळे पट्टे मारून झाले. वेस्ट व्हर्जिनियात जांभळ्या पट्ट्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. आत पाऊल टाकलंस तर गुन्हा. व्हर्नाच्या घरामागच्या कुंपणापासून थेट माथ्यापर्यंत जाड बुंधा दिसेल तिथे पट्टा होता. म्हातारा एल्किन्स जिवंत होता तोवर त्या डोंगरावर अख्खं सोरेल खोरं शिकार करायचं. तो गेला आणि डोंगर पुतणीच्या नावावर झाला. ती राहायची ओहायोत, कोलंबसला. तिने तो तिकडच्याच पाच जणांना हंगामापुरता भाड्याने देऊन टाकला. तिने स्वतः डोंगर शेवटचा पाहिला तेव्हा ती फ्रॉकात होती.

"जांभळा रंग काय, लग्न निघाल्यासारखं वाटतंय," ऑर्व्हल म्हणाला. तो शेजारच्या वळणावर राहायचा आणि कॉफीच्या वासावर यायचा.

व्हर्ना शेडच्या दारात सुऱ्यांना धार लावत होती. घराला लागून असलेल्या या शेडमध्ये ती आणि तिचा नवरा डेल्बर्ट लोकांची हरणं सोलून, कापून, बांधून द्यायचे. आता एकटी तीच द्यायची. डेल्बर्टने उमेदीची सगळी वर्षं कोळशाच्या खाणीत काढली होती आणि आता त्याच्या फुप्फुसांत हवेला फारशी जागा उरली नव्हती. नाकात नळी घालून तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा. खिडकीतून शेड दिसायची, शेडचं दार उघडं असलं की बोलणंही ऐकू जायचं.

"त्यांचे मोजे पाहिलेस का?" ऑर्व्हल म्हणाला. "बॅटरीवर गरम होतात. अन् अंघोळीला साबण बिनवासाचा. हरणाला पत्ता लागू नये म्हणून."

"तुला बिनवासाचा कशाला," व्हर्ना म्हणाली, "तू साधा लावलास तरी खोऱ्यावर उपकार होतील."

खिडकीतून डेल्बर्टच्या हसण्याचा आणि मग खोकल्याचा आवाज आला. खोकला थांबेपर्यंत व्हर्ना सुरीला धार लावत राहिली.

"रस्त्यावर कुणीतरी खिळे टाकलेत म्हणे," ऑर्व्हल कपात बघत म्हणाला. "वर जायच्या वळणावर."

"कुणीतरी?" डेल्बर्टने आतून विचारलं.

"कुणीतरी."

व्हर्नाने सुरी अंगठ्यावर घासून पाहिली. सुरीच्या मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली होती, वेढ्याला वेढा चिकटून. मूठ तडकली तेव्हा डेल्बर्टने खाणीतून आणलेल्या तारेने ती बांधून दिली होती. त्याच तारेने त्याने त्याच्या वडिलांच्या बंदुकीचा मोडका दस्ताही बांधला होता. "असले उद्योग करू नकोस," ती ऑर्व्हलला म्हणाली. पण फार काही बोलली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

ओहायोवाले शनिवारी आले आणि त्यांच्या एका ट्रकची दोन चाकं वळणावरच बसली. वर जाऊन पाहतात तर झाडाला बांधलेला कॅमेराही गायब. त्यांच्यातला मोठा, केस्लर नावाचा, संध्याकाळी व्हर्नाच्या शेडवर आला. घरबांधणीची कामं घेणारा माणूस, हात जाड, बोलणं सावकाश. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"आमची हरणं कापून द्याल का, बाई? गावात विचारलं, सगळे तुमचंच नाव सांगतात."

"देईन की."

"आणखी एक विचारू? आम्ही इथं कुणाचं काय घेतलंय? रीतसर भाडं भरून येतो. झाडं तोडत नाही, घाण करत नाही. मागच्या वर्षी झाडावर बसायचं सीट चोरलं, या वर्षी खिळे."

"मला माहीत नाही," व्हर्ना म्हणाली.

"या खेपेला कुणी आत सापडला तर सोडणार नाही. शिकारखात्याच्या वॉर्डनशी बोलून ठेवलंय. परवाना तरी जाईलच त्याचा."

त्याचं काही चुकत होतं असं तिला वाटलं नाही. बरोबर आहे असंही वाटलं नाही. तिने हात पुसून त्याला हरणं कुठे उतरवायची ते दाखवलं.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातला सोमवार उजाडायच्या आत व्हर्ना घराबाहेर पडली. फ्रीझर तळाला गेला होता. गिऱ्हाइकाच्या हरणातलं बोटभरही मांस ठेवून घ्यायचं नाही हा शेडचा पहिल्यापासूनचा नियम होता. त्यामुळे लोकांची हरणं कापणाऱ्या या घरात स्वतःचं हरण मिळालं नाही तर हिवाळाभर नुसत्या घेवड्याच्या शेंगा आणि कॉर्नब्रेड. शिवाय डेल्बर्टला डॉक्टरने दुकानातलं खारवलेलं मांस बंद केलं होतं.

"कडी सैल आहे, हळू ओढ," डेल्बर्ट निघताना म्हणाला. बंदूक त्याने रात्रीच मांडीवर घेऊन पुसून ठेवली होती. तीस-तीसच्या काडतुसाची जुनी, खालची कडी ओढून गोळी भरायची. त्याने ती वापरल्याला चार हंगाम झाले होते, तरी ती दुसऱ्या कुणाच्या हातात देताना तो अजून जरा उशीर लावायचा.

"आणि रक्त सांडलंस—"

"तर माग सोडायचा नाही. माहितीय. चाळीस वर्षं ऐकतेय."

त्यांची स्वतःची जमीन म्हणजे घरामागची गवताळ उतरण आणि कुंपणाच्या अलीकडची जुनी सफरचंदाची चार झाडं. ती त्यातल्या एकाला पाठ लावून बसली. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. थंडी ओली होती. थंड मांस हाताळून हाताळून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कधीचीच बधिर झाली होती, ती काखेत धरली तरी तिला धरल्यासारखी वाटत नसत.

उजाडलं तसा डोंगरावर पहिला बार झाला, मग दुसरा. हरणं खाली येणार हे तिला ठाऊक होतं. माद्या आल्या, कुंपण ओलांडून गेल्या. त्यांच्या मागून नर आला, आठ फाट्यांच्या शिंगांचा, मान फुगलेली. सफरचंदाखाली थांबून त्याने हवेत नाक उचललं. तिने नेम धरला आणि चाप ओढला, पण ओढला कधी ते बोटाला कळलंच नाही. बार झाल्यावर कळलं. नर कमरेत वाकला, उडाला आणि कुंपणावरून पलीकडे गेला.

ती कुंपणापाशी गेली. वरच्या तारेवर रक्त होतं, काळपट. यकृतात लागली होती, हृदयात नाही. म्हणजे लांब जाणार नव्हता, पण लगेच मरणारही नव्हता. समोरच्या झाडावर जांभळा पट्टा होता.

सोरेल खोऱ्यात याची एक रीत होती, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. जखमी जनावर दुसऱ्याच्या जमिनीत गेलं तर आपण त्याच्या मागे जायचं. पण बंदूक कुंपणाच्या खांबाला टेकवून ठेवायची, कडी उघडी टाकून, नळीवर टोपी घालून. मालकाने पाहिलं की त्याला समजायचं, आत गेलेला माणूस शिकार करायला गेलेला नाही, स्वतःचं रक्त उचलायला गेलाय. म्हातारा एल्किन्स तर अशी बंदूक दिसली की ओढून आणायला खेचर घेऊन यायचा. खांबाशी ठेवलेल्या बंदुकीला खोऱ्यात आजवर कुणी हात लावला नव्हता.

व्हर्नाने खाली घराकडे पाहिलं. ऑर्व्हलला बोलवावं, वॉर्डनला फोन करावा, केस्लरला शोधावं, असं सगळं मनात येऊन गेलं असेल नसेल. जनावर पोटात गोळी घेऊन पलीकडे पडलं होतं. तिने बंदूक खांबाला टेकवली, कडी उघडली, नळीवर टोपी घातली आणि तारांच्या मधून वाकून आत गेली.

माग सोपा होता. पानांवर थेंब, मग एका ओंडक्यावर तळहाताएवढा डाग, मग पुन्हा थेंब. सुरी पट्ट्याला होती. ओढ्यापाशी पोचते तोच अगदी समोर बार झाला. ती हेमलॉकच्या बुंध्याआड उभी राहिली.

ओढ्यापलीकडे दोन माणसं होती. तरुण होता त्याने बंदूक वर करून दुसऱ्याला मिठी मारली. त्यांच्या पायाशी तिचा नर होता. मानेत गोळी घातली होती. उभा राहू न शकणाऱ्या जनावराला तेवढ्या अंतरावरून कुणीही मारलं असतं.

"पहिलाच. माझा पहिलाच," तरुण म्हणत होता. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

आयत्या बिळावर नागोबा, पण नागोबाला बीळ आयतं आहे हे ठाऊकच नव्हतं. पुढे व्हावं, जाकीट नारिंगी आहे, गोळी कुणी घालणार नाही, म्हणावं की बाबांनो, हा माझा. व्हर्ना उभीच राहिली. राग यायला हवा होता. ती त्याची वाट पाहत होती, पण तो आला नाही. त्यांनी शिंगांना दोर बांधला तेव्हा ती मागे वळली.

कुंपणाच्या खांबापाशी बंदूक नव्हती. ओल्या गवतात चारचाकी गाडीच्या रुंद चाकांचे ताजे ठसे होते, कुंपणाला लागून आलेले आणि तसेच वर गेलेले. टोपीही नव्हती.

डेल्बर्टला तिने उभ्या उभ्याच सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. नळीतून हवा सूं सूं करत होती.

"जा अन् माग," तो म्हणाला. "सांग, रीत आहे म्हणून."

"रीत वॉर्डनला सांगू? आत गेले होते हे कबूल करावं लागेल. परवाना जाईल. शेडचा कागदही त्याच खात्याचा. तोही गेला तर खायचं काय?"

"बापाची बंदूक आहे ती."

"माहितीय, डेल्बर्ट."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. तिने शेंगा शिजवल्या.

ऑर्व्हल दुसऱ्या दिवशी बातमी घेऊन आला. बंदूक केस्लरच्या ट्रकमध्ये सीटमागे टांगलेली होती. पेट्रोल पंपावर त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवली होती, कुणाची म्हणून. पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्या बंदुकीने मारलेलं हरण खाल्लं होतं. एकानेही ओळख दाखवली नाही.

"मला विचारलं तर मी म्हणालो, असली गंजकी काठी आम्ही टोमॅटोला लावतो," ऑर्व्हल म्हणाला. "त्यांना वाटतंय, खिळेवाला हाच. न्यायला आला की धरायचा."

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, आणि वडा समोर कॉफी पीत बसला होता. ऑर्व्हललाही ते कळलं असावं, कारण त्याने कप अर्धाच ठेवला. "मी सांगतो त्याला खिळे माझे म्हणून," तो म्हणाला.

"त्याने बंदूक परत येणार आहे का?"

त्याने केस्लरला कधी सांगितलं नाही.

दुपारी ट्रक शेडशी लागला. केस्लर आणि तो तरुण, ट्रेव्हर, त्याचा जावई. मागे तीन हरणं. दोन बाकीच्यांची, तिसरा आठ फाट्यांचा.

"याचं डोकं नीट ठेवा हं," ट्रेव्हर म्हणाला. "भिंतीवर लावायचंय. पहिलाच आहे."

"छान आहे," व्हर्ना म्हणाली.

त्यांनी आदल्या दिवशीच आतडी काढून हरण रात्रभर टांगलं होतं. तिने मागच्या पायांच्या शिरांमधून दांडा घातला आणि कप्पीने ते वर ओढलं. घोट्यापाशी गोल चीर दिली, मांडीच्या आतून सुरी फिरवली आणि कातडं दोन्ही मुठींनी खाली ओढायला लागली. गार कातडं ओला गालिचा ओढावा तसं सुटतं, अंगाचा भार टाकावा लागतो. ट्रेव्हर बाजूला उभा राहून बघत होता. फासळ्यांपाशी ती आली तेव्हा मांसावर काळंनिळं दिसलं आणि कातड्याच्या आतल्या बाजूला एक गाठ लागली. तिने सुरीच्या टोकाने ती मोकळी केली. चपटी झालेली शिशाची गोळी तळहातात पडली. हात तिने एप्रनच्या खिशात घातला.

"हे दुसरं भोक कसलं?" ट्रेव्हरने वाकून विचारलं. "मी तर मानेत मारली."

"गोळी कधी कधी हाडाला लागून फिरते," व्हर्ना म्हणाली. "आत कुठून कुठे जाते, सांगता येत नाही."

"बघा ना," तो सासऱ्याला म्हणाला. "एका गोळीत."

केस्लर मानेपासून फासळीपर्यंतचं अंतर बघत होता. हरणं त्यानेही आयुष्यभर मारली होती. मग त्याची नजर तिच्या हातातल्या सुरीवर गेली, मुठीच्या तारेवर, आणि तिथेच थांबली. व्हर्नाने सुरी खाली ठेवली नाही. ठेवली असती तर ते सांगितल्यासारखं झालं असतं. तिने कातडं पुन्हा मुठीत धरलं आणि ओढलं.

"ट्रेव्हर, गाडीत जाऊन बस," केस्लर म्हणाला. मग तोही त्याच्या मागे गेला.

ओहायोवाल्यांची आणखी दोन हरणं आली, आणि पुढचे दिवस ती नुसती कापत होती. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ऑर्व्हलच्या बहिणीने टर्की पाठवली, ती दोघांनी खाल्ली. हरणांच्या पाठीचं मांस वेगळं, मांड्या वेगळ्या, उरलेल्याचा खिमा. पांढऱ्या कागदात बांधायचं, वर नाव लिहायचं. आठ फाट्यांच्या नराचं पाठीचं मांस तिने फळीवर घेतलं तेव्हा ते गडद, कोवळं, रेषेत होतं. दार लावलेलं होतं, एक तुकडा फ्रीझरच्या तळाशी टाकला असता तर देवालाही कळलं नसतं. तिने सगळं बांधलं आणि ट्रेव्हरचं नाव लिहिलं. चांगलं वाटावं म्हणून नाही केलं. हाताला तसंच वळण होतं.

शनिवारी केस्लर एकटाच आला. पाच हरणांची खोकी ट्रकमध्ये चढवून झाली. त्याने पाकीट काढलं नाही. ट्रकचं दार उघडून सीटमागून बंदूक काढली आणि शेडच्या फळीवर ठेवली, सुरीच्या शेजारी. कडी अजून उघडीच होती. नळीवरची नारिंगी टोपी त्याने घडी घातलेली खिशातून काढली आणि वर ठेवली.

"ही वॉर्डनला द्यायची राहून गेली," तो म्हणाला. "न्यायला कुणी आलं नाही."

"हो का."

"तार मात्र चांगली बांधलीय कुणीतरी."

व्हर्ना फळी पुसत राहिली.

"माझ्या पोरीच्या नवऱ्याला घरी जाऊन काय सांगायचंय ते सांगू दे. त्याला मी काही बोललो नाही," केस्लर म्हणाला. "पण चाकं दोन बदलावी लागली मला. म्हटलं, यंदाची कापणावळ आणि ही बंदूक. फिट्टंफाट."

पाच हरणांची कापणावळ म्हणजे त्यांचा हिवाळा होता. खिळे माझे नाहीत, असं ती म्हणू शकली असती, पण मग कुणाचे ते आलं असतं. रीत सांगू शकली असती. समोरचा माणूस वाईट नव्हता, कदाचित त्याने ऐकूनही घेतलं असतं. पण तोंड उघडायला जे लागतं ते तिला आत कुठेच सापडेना. सकाळपासून बर्फातल्या मांसात हात होते, आणि आता तो गारठा हातापुरता राहिला नव्हता.

"थँक यू," ती म्हणाली.

"तेल द्या तिला," केस्लर गाडीत चढत म्हणाला. "ओल लागलीय."

ट्रक वळणावर जाईपर्यंत ती दारात उभी होती. मग बंदूक घेऊन घरात गेली आणि डेल्बर्टच्या मांडीवर ठेवली. त्याने खिडकीतून सगळं पाहिलं होतं, दार उघडं होतं म्हणून ऐकलंही असणार. तरी त्याने विचारलं.

"तू काय म्हणालीस?"

"थँक यू म्हणाले."

त्याने मान हलवली. अंगठा तारेच्या वेढ्यांवरून फिरवत खाली नेला, पुन्हा वर आणला. एक वेढाही सैल झालेला नव्हता. व्हर्नाने खिशातून चपटी गोळी काढून टेबलावर ठेवली. ती त्याने खिडकीच्या उजेडात धरली.

"जरा मागे लागली."

"बोटं गार पडली होती."

"चांगली लागली तशी. मेलाच असता तो." त्याने गोळी ठेवून दिली आणि कडी ओढून बंद केली. दोनदा श्वास घ्यायला थांबला. "पुढच्या खेपेला कुंपणाशी ठेवू नकोस."

"आत नेली तर चोरटी शिकार होते. मग तुरुंगच."

"मग आत जाऊ नकोस."

"आणि जनावर?"

डेल्बर्टने डोंगराकडे पाहिलं. पानं झडल्यामुळे जांभळे पट्टे आता घरातूनही दिसत होते.

"मरू दे तिकडं," तो म्हणाला.

तिला वाटलं तो आणखी काही बोलेल. चाळीस वर्षांत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बंदूक मांडीवरून उचलून त्याने तिच्याकडे दिली, लगेच, जराही उशीर न लावता.

व्हर्नाने ती कपाटात उभी केली आणि ओला एप्रन पुन्हा बांधला. शेडमध्ये ऑर्व्हलची मादी टांगलेली होती, तिचं कातडं अजून काढायचं होतं.